ऊडनाडाटाच्या वाटेवर दुसरी बॅटरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकला निघण्यापूर्वीचे तीन शनिवार मी ॲडलेडच्या घरी आमच्या जुन्या टोयोटा प्राडोच्या बॉनेटमध्ये डोके खुपसून घालवले. मरी ते मार्ला हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी वीज मिळेलच असे नाही, आणि सौभाग्यवतींनी मटण, दही व घरी केलेले श्रीखंड यांचा आठवड्याचा साठा बरोबर घ्यायचे ठरवले होते. त्यासाठी गाडीत बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज ठेवणे भाग होते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर रात्रभर फ्रिज चालवला, तर सकाळी फ्रिज गार राहील आणि गाडीही गारच राहील. म्हणून दुसरी बॅटरी.

मुख्य जोडणी फारशी अवघड नव्हती. बॉनेटखाली मोकळ्या जागेत डीप सायकल बॅटरी (हळूहळू बरीच वीज काढली तरी टिकणारी) बसवली आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, घातला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोघींना जोडतो आणि इंजिन बंद झाल्यावर ते १२.८ च्या आसपास उतरले की वेगळे करतो. आमच्या गाडीचा ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) जुन्या वळणाचा, सतत चौदा व्होल्टच्या आसपास देणारा असल्याने एवढ्यावर भागले. नव्या गाड्यांतले ऑल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मध्येच व्होल्टेज उतरवतात, त्यांना कमी व्होल्टेज वाढवून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लावावा लागतो. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या जाड केबलला मात्र दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण ती कुठे घासून उघडी पडली तर करंट दोन्ही बाजूंनी धावत येतो. फ्यूज हा उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा, एवढे मला ठाऊक होते. कशावर काय जोडायचे याचाही माझा नियम ठरलेला होता: इंजिन बंद असताना जे चालते, म्हणजे फ्रिज, तंबूतले दिवे, पाण्याचा छोटा पंप, ते दुसऱ्या बॅटरीवर, टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर भरमसाट करंट ओढतो, तो पहिल्या बॅटरीवर आणि इंजिन चालू ठेवूनच.

चूक झाली ती तारेच्या दुकानात. आपल्याकडे घरातले वायरिंग करताना ‘दीड एमएम’ किंवा ‘अडीच एमएम’ म्हटले की तो तांब्याच्या छेदाचा आकडा असतो, चौरस मिलिमीटरमध्ये. त्याच सवयीने मी ‘चार एमएम’ लिहिलेले रीळ उचलले, सहा अँपिअरच्या फ्रिजला चार चौरस मिलिमीटर म्हणजे चैन, असे मनाशी म्हणालो आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत सहा मीटर जाणारी व सहा मीटर येणारी अशी तार ओढून शेवटी सिगारेट लायटरचे सॉकेट बसवले. मल्टिमीटर लावून पाहिला. बॅटरीवर १२.६, सॉकेटवर १२.६. मी खूष.

हॉकरच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये पहिली रात्र काढली, तिथे फ्रिज घरच्या विजेवर चालला. दुसऱ्या दिवशी मरीला पोहोचलो. या गावात ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात जाणाऱ्या जुन्या घान रेल्वेची इंजिने उभी आहेत आणि उंटवाल्यांच्या मातीच्या मशिदीची आठवणही जपलेली आहे. १८६६ मध्ये वाळवंटातल्या मालवाहतुकीसाठी कराचीहून पोर्ट ऑगस्टाला उंटांची मोठी खेप आली. त्या काळात इथे आलेल्या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई, पण त्यांत बलुचिस्तान, पेशावर आणि पंजाबकडचीही माणसे होती. मरीनंतर टायरमधली हवा थोडी कमी केली आणि कच्च्या रस्त्याला लागलो. डाव्या-उजव्या बाजूला लाल सपाटी, मध्येच दक्षिण आयर सरोवराचे पांढरेशुभ्र मीठ, आणि मागे फ्रिजचा हिरवा दिवा अखंड चालू.

तिसरी रात्र कावर्ड स्प्रिंग्जला. जुन्या रेल्वे थांब्याजवळचा हा तळ खजुरीच्या झाडांत लपलेला आहे आणि आर्टेशियन, म्हणजे जमिनीखालून दाबाने आपोआप वर येणाऱ्या, पाण्याच्या कुंडात आत बसून दिवसाची धूळ काढता येते. जेवणे होऊन आडवे पडलो, तोच हिचे शब्द कानावर आले, “अहो, तो फ्रिज काहीतरी टकटक करतोय.” कॉम्प्रेसर सुरू होई, चार-पाच सेकंद घुरघुरे आणि बंद पडे. लाल दिवा एकदा लुकलुके. मिनिटभराने पुन्हा तेच. मी बॉनेट उघडून बॅटरी मोजली, १२.४. सॉकेट मोजले, तिथेही १२.४. नवी बॅटरी खराब निघाली असा निष्कर्ष काढून मी दुकानदाराच्या नावाने मनातल्या मनात बरेच काही बोललो.

शेजारी एक निवृत्त शेतकरी दांपत्य कॅरव्हॅन घेऊन उतरले होते. अशा मंडळींना इथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, आणि त्यांच्या कॅरव्हॅनमध्ये अवजारांचे एखादे छोटे दुकानच असते. सकाळी माझी कहाणी ऐकून आजोबांनी एकच विचारले, “फ्रिज चालू असताना मोजलंत की बंद असताना?” मी गप्प. त्यांनी मला मल्टिमीटरच्या काड्या सॉकेटच्या मागच्या टोकांना धरून ठेवायला सांगितले आणि फ्रिज सुरू केला. कॉम्प्रेसरने पहिला धक्का दिला तसा आकडा १२.४ वरून सरळ ११.५ वर आला आणि फ्रिज बंद पडताच पुन्हा १२.४ झाला. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर मात्र १२.३ च्या खाली काही गेले नव्हते. तारेतून करंट वाहत नसेल तर तिच्यात व्होल्टेज पडत नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते.

माझ्या रिळाचा उरलेला तुकडा बघून ते हसले. इथल्या गाडीच्या तारेवरचा ‘चार एमएम’ हा आकडा प्लास्टिकच्या वेष्टणासकट तारेची जाडी सांगतो. आतले तांबे जेमतेम १.८४ चौरस मिलिमीटर! जाऊन-येऊन बारा मीटरचा विरोध होतो सुमारे ०.११ ओहम, सहा अँपिअरला त्यातच जवळपास ०.७ व्होल्ट जातात, आणि उरलेला घास सॉकेटचे सैल स्प्रिंग खाते. फ्रिजची बॅटरी-रक्षक मर्यादा, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली तो आपोआप बंद होतो ती, मी ११.८ वर ठेवली होती, म्हणून तो बिचारा इमानाने बंद होत होता. व्होल्टेज कमी मिळाले की तेवढेच काम करायला कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, मग तारेत आणखी व्होल्टेज पडते, असे ते दुष्टचक्र होते. दिवसभर हा दोष दिसला नाही, कारण इंजिन चालू असताना चौदातून ०.८ गेले तरी तेरा उरतात.

आजोबांकडे आठ चौरस मिलिमीटरच्या आसपासच्या जुळ्या केबलचे भेंडोळे होते. ते त्यांनी दिले, पैसे घेतले नाहीत, अर्धा डबा श्रीखंड मात्र आवडीने घेतले. आम्ही बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडवले, पन्हाळी नळीत घातलेली केबल एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूने चॅसीवरून मागे नेली, दर वीतभर अंतरावर बांधली आणि बॅटरीपाशी तीस अँपिअरचा फ्यूज बसवला. सिगारेट लायटरचे सॉकेट काढून दोन्ही बाजूंना घट्ट बसणारा अँडरसन प्लग लावला. तारांच्या टोकांना धातूचे लग दाबून बसवताना त्यांनी मला प्रत्येक तार ओढून बघायला लावली. माझी एक सुटून हातात आली, ती पुन्हा दाबली. अडीच तास लागले. फ्रिज चालू करून मोजले तेव्हा मागच्या टोकाला १२.१ होते.

विल्यम क्रीककडे जाताना स्ट्रँगवेज स्प्रिंग्जला जुन्या तारायंत्र ठाण्याचे दगडी अवशेष लागतात. १८७२ मध्ये पूर्ण झालेली ओव्हरलँड टेलिग्राफची तार इथूनच डार्विनकडे गेली होती. अंतर वाढले की संदेश क्षीण होई, म्हणून वाटेत ठिकठिकाणी अशी ठाणी उभारून, तिथे स्वतंत्र बॅटऱ्या ठेवून, तारबाबू आलेला संदेश हाताने पुढे पाठवत. एरवी मी फोटो काढून पुढे निघालो असतो. या वेळी पडक्या भिंतींत अर्धा तास रेंगाळलो.

पुढचा मुक्काम अल्जबकिनाला, नीलस नदीवरच्या १८९२ च्या लोखंडी रेल्वे पुलाशेजारी. मटण दगडासारखे गोठलेले होते. काढून टाकलेली ‘चार एमएम’ तार मी फेकली नव्हती. एका अँपिअरच्या एलईडी पट्टीला ती पुरेशी आहे, आणि तेवढ्या करंटला तिच्यात पडते ते जेमतेम ०.१ व्होल्ट. पाच अँपिअरचा फ्यूज घालून ती मी मागच्या दाराला जोडली आणि तिच्या उजेडात हिने मटण फोडणीला टाकले.