दिंडीची चाल

आळंदी ते पंढरपूर वाटेत माझा खरा कस लागला तो पुणे-सासवड टप्प्यात. जवळपास तीस किलोमीटर, त्यात ज्येष्ठ वद्य एकादशीचा उपवास आणि वाटेत दिवे घाट. वडकी नाल्याचा विसावा उरकून चढाला लागलो तेव्हा पोटऱ्यांचे दगड झाले होते. शेजारी टाळ वाजवणाऱ्या आजोबांनी ते ओळखलं.

“माउली, घाटाकडं बघू नका. पुढच्याच्या टाचंकडं बघा आन् अभंग सोडू नका.”

पुढच्याच्या टाचेला भेगा, भेगांत चिखल. तीच टाच बघत घाट चढलो. दिंडीत पाऊल टाळ-मृदंग ठरवतात. अंगात जोर असला म्हणून ओळ सोडून पुढं पळता येत नाही आणि दम लागला तरी मागच्यांचा रेटा उभं राहू देत नाही. एरवी एकटा चालताना मी सकाळी सुसाट सुटतो आणि दुपारनंतर रखडतो. सत्तरी ओलांडलेल्या बायका डोक्यावर तुळस घेऊन हा घाट चढतात, त्यामागं श्रद्धा आहेच. पण या चालीचाही वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

बाकी सामान दिंडीच्या ट्रकमध्ये टाकावं. जवळ पाणी, कोरडा पंचा आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद पुरे. पायात रुळलेली चप्पल हवी. ओल्या बुटात पाय दिवसभर भिजतो आणि फोड धरतो. राहुटीत पोचल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे, मग तेल चोळायचं. दमल्यावर नको वाटतं, तरी करायचंच.

कितीही थकवा असो, मुक्कामाची समाजआरती मात्र चुकवू नये. सगळ्या दिंड्यांचा गजर टिपेला असतो, सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि टाळ जागच्या जागी थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती तेवढी वाजवत राहते. चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांनी त्याला लावलेली शिस्त अजून टिकून आहे. लाखभर माणसांत सर्वांत धाकट्या दिंडीलाही आपलं म्हणणं मांडता येतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढच्या आषाढीला यायचं मनात असेल तर दिंडीप्रमुखांना वेळेत गाठा, भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी भरा. चैत्रापासून रोज पहाटे चालायला लागा, आणि वारीत घालायची तीच चप्पल घालून चाला.