ओल्युदेनिझ: बटरफ्लाय व्हॅलीत पायवाटेने उतरू नका, बाकी सगळं करा

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण ज्यांना फक्त एवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. तुर्कस्तानातल्या फारालिया गावातून बटरफ्लाय व्हॅलीत, म्हणजे समुद्राकाठच्या उंच कड्यांमधल्या अरुंद दरीत, उतरणारी जी वाट आहे ती 'सोपा ट्रेक' नाहीये, 'मॉडरेट'ही नाहीये. बोटीने जा नाहीतर वरच्या कड्यावरून बघा आणि चहा पिऊन परत या. कड्यावरून दिसणारा नजारा फुकट आहे आणि फोटो तिथलेच चांगले येतात.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: तुर्कस्तानचा नैर्ऋत्य कोपरा, मुला प्रांत, दालामान एअरपोर्ट, तिथून तासाभरावर फेतिये आणि फेतियेपासून पंधराएक किलोमीटरवर ओल्युदेनिझ, निळ्या लगूनचं, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ तळ्याचं गाव. इंग्लंडातून दालामानला थेट विमानं येतात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे लाँग वीकेंडला जमण्यासारखं आहे. भारतातून येणाऱ्यांकडे अमेरिका, यूके, शेंगेन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसा मिळतो, नाहीतर रीतसर स्टिकर व्हिसा काढावा लागतो, नियम निघण्याआधी पुन्हा बघून घ्या.

तर ती वाट. हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ईझी पाथ, थर्टी मिनिट्स, मेनी पीपल गो." ऑनलाइन वाचलेलंही साधारण तसंच, 'थोडे रोप सेक्शन आहेत, पण मजा येते'. प्रत्यक्षात कडा साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि वाट त्याच्या एका बाजूने नागमोडी खाली जाते, दगडावर लाल ठिपके मारलेत तेवढीच खूण. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं पाइनच्या सावलीतून बरी जातात, तिथे माणूस फसतो. मग कातळ सुरू होतो. इथे सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्या: आपला बेसाल्ट कोरडा असला की बूट चिकटतो, पकड मिळते, आणि आपल्याला त्याची सवय झालेली असते. इथला दगड चुनखडीचा आहे, इतक्या पायांनी घासून घासून तो संगमरवरी फरशीसारखा झालाय आणि त्यावर पाइनच्या वाळक्या सुया पडलेल्या. बूट नवे असोत नाहीतर महागाचे, सटकतातच. जिथे घसरत नाही तिथे घसारा, म्हणजे पायाखाली बारीक खडी आणि बाजूला आधाराला काही नाही.

आणि ते दोर! एका रॉक पॅचवरचा दोर मी हातात धरून बघितला, निळ्या नायलॉनचा, मधेमधे गाठी मारलेल्या, एका गाठीखाली पीळ सुटून नुसती धाग्यांची झिपरी झालेली आणि वरच्या टोकाला तो कशाला बांधलाय हे खालून दिसतच नाही. शेजारी अजून एक दोर लोंबत होता, तो त्याहून जुना. माझा मेहुणा दर पावसाळ्यात नळ्या-घळी उतरणारा माणूस, एरवी तोंड बंद होत नाही, तो त्या पॅचला एक शब्द बोलला नाही, खाली पोचल्यावर फक्त म्हणाला की परत वर मी येणार नाही. बायकोचा प्रश्न अजून रास्त होता, तो काउंटरवरचा माणूस स्वतः कधी उतरलाय का? दीड तास लागला आम्हाला, आणि आम्ही कुठे रेंगाळलो नव्हतो. या वाटेवर लोक पडून मेलेत, हे काही गुपित नाही, तिथल्या कुणालाही विचारा. तरी चपला घालून खाली निघालेली दोन पोरं आम्हाला दिसली, त्यांना हातानेच थांबा म्हणून खुणावलं, ती हसून पुढे गेली. पाऊस पडून गेला असेल तर विषयच सोडा. इमर्जन्सी नंबर ११२, पण भिंतीसारख्या कड्यांमध्ये फोनला रेंज मिळेलच असं धरून चालू नका.

खाली काय आहे म्हणाल तर एक गोट्यांचा बीच, निळंशार पाणी, मागे अरुंद दरीत एक बारका धबधबा, आणि आत जायचे वेगळे पैसे. दरी संरक्षित आहे, पक्कं बांधकाम करायला बंदी, म्हणून तंबू आणि लाकडी खोपटी. ज्यांच्या नावाने दरी ओळखली जाते ती जर्सी टायगर पाखरं, खरं तर पतंग, उन्हाळ्यात असतात. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो, एकही दिसलं नाही. धबधबा बघून मेहुणा म्हणाला, लोणावळ्यात रस्त्याच्या कडेला याहून मोठे असतात. पटलं.

आता लूटमार. ओल्युदेनिझहून जी बोट येते तिचं येण्याजाण्याचं तिकीट असतं, पाऊणएक तासात पोचवते, व्यवस्थित. पण तुम्ही पायी उतरलात आणि परत चढायची हिंमत नाही हे तिथल्या बोटवाल्याला तुमच्या चेहऱ्यावरूनच कळतं. आम्हाला एका बाजूचे सांगितलेले पैसे येण्याजाण्याच्या तिकिटापेक्षा जास्त होते, तेही पौंडात, आणि घासाघीस केली तर सरळ पाठ फिरवली. दिले, काय करणार, पुढची बोट कधी ते कुणी धड सांगेना. म्हणून हट्टाने उतरणारच असाल तर निदान शेवटची बोट किती वाजता आणि कितीला, हे ओल्युदेनिझच्या धक्क्यावर आदल्या दिवशी विचारून ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर बोटी लागतच नाहीत, मग तुम्ही आणि ती झिपरी आलेली दोरी.

भावाचं एकूणच सांगतो: लिराची घसरण आणि महागाई अशी आहे की वर्षभरापूर्वी कुणी लिहिलेला आकडासुद्धा आज कामाचा नाही, म्हणून मी आकडे देतच नाही. हिसारोन्यू भागात ब्रिटिश टुरिस्ट ढिगाने, सगळ्या पाट्या पौंडात, तिथे जेवू नका. दोलमुशने फिरा, म्हणजे आपली वडाप, हात केला की थांबते. फेतियेहून ओल्युदेनिझमार्गे फारालिया आणि पुढे काबाक या बीचच्या गावापर्यंत जाते. टॅक्सीवाला मीटर टाकत नसेल तर उतरा. "ने कादार?" म्हणजे किती, एवढं तुर्की पुरतं, आणि उत्तर लिरातच मागा.

आता चांगलं. लिक्या योलू, म्हणजे लिशियन वे, ही पायी चालायची खुणा केलेली वाट, पाचशे किलोमीटरहून लांब, केट क्लो या ब्रिटिश बाईंनी आखली, १९९९ मध्ये सुरू झाली. तिचा पहिला टप्पा ओल्युदेनिझजवळच्या ओवाजिकहून निघतो आणि फारालियाला संपतो, साधारण १४-१५ किलोमीटर, आणि हा टप्पा कराच करा, याच्यासाठी मी परत जाईन! लाल-पांढरे पट्टे म्हणजे बरोबर वाट, लाल फुली म्हणजे चुकलात, मागे फिरा. १९६९ मीटरच्या बाबादा डोंगराच्या कुशीतून जुनी खेचरांची वाट वर चढते, डोक्यावरून पॅराग्लायडर घरघर न करता जातात, खाली ते निळं लगून. पहिल्या दोन तासात सावली नाही, सात वाजता निघा, माणशी तीन लिटर पाणी. वाटेत पाण्याच्या जुन्या टाक्या दिसतात, पण ते पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका, हौद बघून मोह होतो. किर्मे गावात आजीने लाटलेलं गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, आणि ताक, आयरान म्हणतात तिकडे, खाऊन मी तिथेच आडवा झालो. शेळ्यांच्या कळपाबरोबरचे कुत्रे भुंकत अंगावर येतात, पळू नका, कळपाला लांबून वळसा घाला.

कायाक्यॉय ते ओल्युदेनिझ ही वाट अर्ध्या दिवसाची, लहान मुलं असतील तर हीच करा. कायाक्यॉय म्हणजे ग्रीक लोकांचं गाव, १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तानमधल्या लोकसंख्या अदलाबदलीत रिकामं झालं, डोंगरभर बिनछपराची घरं. तिकीट आहे, सकाळी लवकर जा. काबाकचा बीच छान, दोन रात्री मस्त गेल्या, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

फेतियेकडच्या साक्लीकेंतची घळ राहिली. १८ किलोमीटर लांब, ठिकठिकाणी तीनशे मीटर खोल, पाणी बर्फाचं, पाय बधिर होतात. रबरी बूट भाड्याने मिळतात, पण फाटलेले आणि ओले, आपले जुने स्पोर्ट्स शूज घेऊन जा. हेल्मेट देत असतील तर घ्या, वरून दगड येतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, आणि कमरेपर्यंत पाणी लागलं की परत फिरा, पुढे तेच तेच आहे.