लेकीचं लग्न, बिनकर्जाचं

रविवार, रात्री

आज जेवणं उरकल्यावर दोघांनी वही घेऊन बसून ठरवून टाकलं. लेकीचं लग्न कर्ज न काढता करायचं.

भाऊजींना हे रुचलेलं नाही. "एकुलती एक पोर, लोक काय म्हणतील? लोन तर आता फोनवर मिळतं." ते मायेपोटी बोलतात, मला कळतं. मिळतं पटकन, पण मग पुढची चार-पाच वर्षं हप्त्याला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नाही. चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं तरी हात आखडतो, चर्चला द्यायचा दशांश, कमाईचा दहावा भाग, मागे राहतो. ऋणको धनकोचा दास होतो, हे बायबलातलं नीतिसूत्र (22:7) मला तिथेच पटतं. कमवायचं आपण, आणि ते कुठे जायचं हे ठरवणार दुसराच.

कर्ज घेणंच पाप, असं मात्र शास्त्र म्हणत नाही. दवाखान्यापायी, पोरांच्या फीपायी ज्यांनी घेतलं त्यांना वचनं ऐकवू नयेत. शास्त्रात बोल जास्त लावलाय तो देणाऱ्याला. गरिबाचं जातं गहाण ठेवून घेऊ नको, तो त्याचा जीवच आहे, असं अनुवाद या पुस्तकाचा 24वा अध्याय सांगतो. यहूदाचा सुभेदार नहेम्या, त्यानं गरिबांना व्याजानं पैसे देणाऱ्या सरदारांना भर सभेत सुनावलं आणि शेतं, द्राक्षमळे, घरं परत करायला लावली. त्यांचं व्याज होतं शेकडा एक. ते दरमहा धरलं तरी वर्षाला 12 टक्के. आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला 3.5 टक्के लागू शकतात, म्हणजे वर्षाला 42! कोणाच्या ऋणात राहू नका, या रोमकरांस 13:8 वर आपण कितीदा उपदेश ऐकतो. नहेम्याच्या 5व्या अध्यायावर एकदा तरी व्हावा, असं पाळकसाहेबांशी बोलणार आहे.

मला धीर आला तो 2 राजे 4 मधल्या विधवेमुळे. सावकार तिची दोन्ही पोरं दास करून न्यायला आलेला. अलीशा संदेष्ट्यानं तिला विचारलं, तुझ्या घरात काय आहे? होतं एक तेलाचं भांडं. बाकीची रिकामी भांडी तिनं शेजाऱ्यांकडून मागून आणली, आणि त्या एकाच भांड्यातलं तेल ओतत गेली तशी ती सगळी भरली. तेल विकून आधी देणं फेडलं, उरलं त्यावर मायलेकरं जगली.

आम्हीही वहीत आधी घरात काय आहे तेच लिहिलं. माझी बांगडी मोडून लेकीचं मंगळसूत्र. चर्चचा हॉल, आणि बुडाला मंडळीचं नाव कोरलेली चर्चचीच मोठी पातेली. करंज्या-अनारसे भगिनी मंडळाच्या बायका आमच्याच ओट्यावर करणार. जेवणात एकच मटण-भात. शालूचं लेक स्वतःच म्हणाली, "मम्मी, तुझाच नेसते."

एका गोष्टीवर मी अडून बसले. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असं लेवीय 19:13 म्हणतं, तीही उधारीच. मंडपवाला, आचारी, वाढपी यांची पाकिटं आदल्या दिवशी भरून ठेवायची आणि पाहुणे पांगायच्या आत त्यांच्या हातात द्यायची. ह्यांनी ते वहीत सगळ्यात वर लिहिलंय.