राजा म्हणेल ती पूर्व दिशा?

मी पुण्यात चिनी भाषा शिकवते. येणारे बहुतेक जण नोकरीसाठी शिकतात, इतिहासासाठी कोणी येत नाही. तरी 'हुआंग-ती', म्हणजे सम्राट, हा शब्द फळ्यावर आला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तिकडे राजा म्हणेल ती पूर्व दिशा, हो ना? त्याला कोण अडवणार?" लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही हेच विचारतात. तास संपत आलेला असतो किंवा पंगत बसलेली असते, त्यामुळे उत्तर अर्धंच राहतं. आज पूर्ण देते.

सम्राट सिंहासनावर दक्षिणेकडे तोंड करून बसायचा. जुन्या चिनी भाषेत 'दक्षिणेकडे तोंड करणं' याचा अर्थच राज्य करणं. म्हणजे बसायची दिशासुद्धा त्याच्या जन्माआधी ठरलेली होती.

दोन हजार वर्षांत घराणी पुष्कळ झाली आणि सगळ्यांना एकच माप लागू होत नाही. म्हणून मी एकाच माणसाबद्दल सांगते. मिंग घराण्याचा वानली सम्राट. १५७२ मध्ये गादीवर आला तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता, आणि त्याने ४८ वर्षं राज्य केलं. त्याच्या मूळपुरुषाने, होंगवू सम्राटाने, १३८० मध्ये पंतप्रधानपदच रद्द करून टाकलं होतं. सगळी सत्ता आपल्या हाती राहावी म्हणून. झालं असं, की साऱ्या राज्याचे कागद एकाच माणसाच्या मेजावर येऊ लागले. ते वाचून उत्तराचा मसुदा करून देणारे सचिव हळूहळू मोठे होत गेले. वानली लहान असताना राज्य चालवत होता तो असाच एक मुख्य सचिव, जांग ज्यूजंग. तोच मुलाचा गुरूही. एकदा वाचताना मुलाने 'बो' या अक्षराचा उच्चार 'बेइ' केला, तर जांग भर दरबारी मंडळींसमोर ओरडला, "बो!" मुलगा दचकला. त्याला सुलेखनाची मनापासून आवड होती, मोठमोठी अक्षरं काढून तो सचिवांना भेट द्यायचा. सम्राटाला या कलेचा उपयोग नाही, असं सांगून जांगने ते धडे बंद करवले. मी स्वतः मुलांना ब्रशने अक्षरं काढायला शिकवते, त्यामुळे हा प्रसंग मला विसरता येत नाही.

१५७७ मध्ये जांगचे वडील वारले. नियम असा, की अधिकाऱ्याने आईवडिलांच्या सुतकासाठी पद सोडून २७ महिने घरी राहायचं. सम्राटाने जांगला थांबवून घेतलं. ज्यांनी याविरुद्ध लिहिलं, त्यांना राजवाड्याच्या दाराशी पालथं पाडून काठ्यांनी झोडपलं. त्यांत जाओ योंगश्येन नावाचा अंगाने जाड विद्वान होता. त्याला ६० काठ्या बसल्या. तळहाताएवढा मांसाचा तुकडा सुटून पडला. त्याच्या बायकोने तो सुकवला आणि घरात जपून ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या तुकड्यात दिसतं. सम्राट कोणालाही मारू शकत होता, यात शंका नाही. याच वानलीच्या आजोबांनी, जियाजिंग सम्राटाने, १५२४ मध्ये शंभराहून जास्त अधिकाऱ्यांना झोडपलं होतं आणि त्यांतले डझनाहून अधिक मेले. पण ज्याला मार बसला त्याचं नाव झालं. पुढच्या पिढीचे परीक्षार्थी, म्हणजे परीक्षा देऊन अधिकारी होऊ पाहणारे तरुण, त्याला मानू लागले. काठी सम्राटाच्या हातात होती, पण योग्य काय आणि अयोग्य काय हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं.

जांग १५८२ मध्ये वारला. वानलीला वाटलं असेल, आता सुटलो. त्याच वर्षी त्याच्या आईच्या वाड्यातल्या वांग नावाच्या दासीला दिवस गेल्याचं उघड झालं. आईने विचारलं, तर तो कबूलच होईना. आईने नोंदवही मागवली. सम्राट कोणत्या दिवशी कुठे होता, कोणाला काय दिलं, हे रोज टिपून ठेवणारी वही. तीत सगळं होतं. मुलगा झाला, चांगलुओ.

चार वर्षांनी लाडक्या जंग राणीला मुलगा झाला, चांगश्युन, आणि वानलीला तोच युवराज हवा होता. अधिकारी म्हणाले, पट्टराणीला मुलगा नाही, तेव्हा थोरला तोच युवराज, घराण्याची रीत मोडता येणार नाही. पंधरा वर्षं ही ओढाताण चालली. सम्राट आज करू, उद्या करू म्हणत राहिला. त्याने कोणाला पदावरून काढलं, कोणाला दूर धाडलं. जागेवर आलेला नवा माणूस पुन्हा तेच लिहायचा. आईने कारण विचारलं तर तो म्हणाला, "तो दासीचा मुलगा आहे." आई ताडकन म्हणाली, "तूही दासीचाच मुलगा आहेस!" तीही दासी म्हणूनच वाड्यात आली होती. १६०१ मध्ये त्याने हात टेकले आणि चांगलुओ युवराज झाला.

मधल्या काळात, १५९० च्या नववर्षाच्या दिवशी, त्याने मुख्य सचिव शन शशिंगला आत बोलावलं. लुओ यूरन नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने लिहून पाठवलं होतं, की महाराजांना चार व्याधी आहेत: दारू, बाई, पैसा आणि राग. वानली तो कागद समोर धरून एकेका मुद्द्याला उत्तर देत बसला. "हा म्हणतो मी पितो, पण पीत कोण नाही?" शनने समजावलं, याला उघड शिक्षा केलीत तर लोकांना हे खरंच वाटेल. कागद आतच ठेवा. लुओला गुपचूप घरी पाठवलं गेलं. पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या राज्यांपैकी एकाचा धनी सणाच्या दिवशी एका कनिष्ठ माणसाविरुद्ध स्वतःची बाजू मांडतो आहे, तीही त्या माणसाच्या पाठीमागे. मला याचं फार वाईट वाटतं.

मग त्याने असहकार पुकारला. दुसरा शब्द मला सुचत नाही. दरबार भरवणं बंद, ते जवळजवळ तीस वर्षं. रिकाम्या जागा भरल्या नाहीत, राजीनाम्यांना उत्तर दिलं नाही. ली थिंगजी नावाच्या सचिवाने १२० च्या वर राजीनामे पाठवले, एका पडक्या देवळात मुक्काम केला आणि शेवटी परवानगीवाचूनच निघून गेला. राजाला मनासारखं करता येत नव्हतं, पण काहीच न करणं येत होतं, आणि त्याची किंमत राज्याने मोजली. तरी तो अगदीच निष्क्रिय होता असंही नाही. १५९२ मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली तेव्हा याच वानलीने फौजा पाठवल्या आणि १५९८ पर्यंत, जपानी परत जाईपर्यंत, ते युद्ध निभावलं.

१६४४ मध्ये मिंग बुडाले. चीनमध्ये सत्ता गेलेल्या घराण्याचा इतिहास पुढचं घराणं लिहायचं. छिंग घराण्याने तो १७३९ मध्ये पुरा केला, आणि मिंग खरे बुडाले ते वानलीच्याच काळात, हे मत त्यात नोंदवलं. लिहिणारे विद्वान अधिकारीच. त्यांच्या हाताखालची कागदपत्रंही अधिकाऱ्यांनीच लिहिलेली. आळशी, लोभी, ऐषारामी, ही त्याची ओळख तिथूनच आलेली आहे. मी आजारी आहे, चक्कर येते, उभं राहवत नाही, असं तो वारंवार कळवत होता. ती त्यांना सबब वाटली.

बीजिंगच्या उत्तरेला त्याची कबर आहे, दिंगलिंग. मी तिथे गेले आहे. २७ मीटर खाली उतरावं लागतं. वर मे महिन्याचं ऊन होतं आणि खाली मला ओढणी अंगाभोवती घ्यावी लागली. संगमरवरी आसनांवर लोकांनी नोटा टाकलेल्या होत्या. ही कबर १९५६ ते १९५८ मध्ये उकरली, तेव्हा सांगाडा मिळाला. त्याचा एक पाय आखूड होता, असं उत्खनन करणाऱ्यांनी नोंदवलं. साडेतीनशे वर्षांनी त्याच्या बाजूने बोलणारं काहीतरी सापडलं होतं.

१९६६ मध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण टोळ्यांनी, ती हाडं कबरीसमोर आणून जाळली. आज खाली दिसतात त्या लाल शवपेट्या नव्या, नमुन्यादाखल केलेल्या आहेत. वर मोठी शिळा उभी आहे, तिच्यावर एकही अक्षर कोरलेलं नाही.