मानशीचं दार किती वाजता उघडतं?

नारळी पौर्णिमेला गोव्यात जाऊन समुद्राकडे न फिरकणारा बहुधा मी एकटाच. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली आणि चोडण बेटावर उतरलो. मला मानस बघायची होती. मी पेणच्या खारेपाटातला; आमच्याकडे हिला उघाडी म्हणतात. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा आणि आतलं पावसाचं पाणी जायला त्यात दार ठेवायचं. हे दार माणूस उघडत नाही. भरतीला बाहेरचं पाणी ते दाबून मिटवतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. गोव्यातली खाजनं, म्हणजे अशी बांध घातलेली नदीकाठची शेतं, शतकानुशतकं या हिशेबावर पिकत आली.

पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. उधाणाची भरती, नदी तांबडी गढूळ. डावीकडे नदी, उजवीकडे भात, आणि नदी भातापेक्षा उंच! लहानपणापासून बघतोय, तरी पोटात गोळा येतोच. मानशीची लाकडी दारं घट्ट मिटलेली, फटीतून एक बारीक चिळकांडी आत उडत होती. पाऊस मात्र थांबायला तयार नव्हता. शेतातलं पाणी बघता बघता चढत होतं आणि त्याला वाट नव्हती.

मानशीपाशी एक म्हातारबाबा प्लास्टिकचं इरलं घेऊन जाळं सोडवत बसले होते. ओहोटीला पाण्याबरोबर सुंगटं (कोळंबी) बाहेर येतात, ती धरायला. मी विचारलं, बांध फुटायची भीती वाटते ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. "बांद आमी बांदतात रे बाब. पूण उदक भायर वचपाक वेळूच मेळना."

पाण्याला बाहेर जायला वेळच मिळत नाही. आडोशाला बसून मी मोबाईलवर आकडेमोड केली. उधाणाला इथे सुमारे २ मीटर पाणी ६ तासांत उतरतं, म्हणजे तासाला सरासरी ३३ सेंटिमीटर. नदीची पातळी कायमची १० सेंटिमीटर वर सरकली, तर दार अंदाजे १८ मिनिटं उशिरा उघडेल आणि तेवढंच लवकर मिटेल. एका ओहोटीला अर्ध्या तासाहून जास्त गेला. २००६ ते २०१८ या काळात जगातले समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने चढले. त्या वेगाने १० सेंटिमीटरला सत्तावीस वर्षं लागतात, म्हणजे या मानशीवर बसणाऱ्या एकाच माणसाच्या आयुष्यात ते मावतं.

हे नुसतं नदीच्या मुखापाशी घडेल असंही नाही. मांडवीतली भरती सुमारे ४० किलोमीटर आतपर्यंत जवळपास तेवढ्याच उंचीची राहते, हे दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मोजलेलं आहे. नदी अरुंद होत जाते तसं पाणी चढू बघतं, घर्षण त्याला खाली खेचतं, आणि दोघांची बरोबरी होते. त्यामुळे पणजीला समुद्र चढला की पार आतल्या मानशीलाही ते कळणार. उन्हाळ्यात तर वरून गोडं पाणी जवळजवळ येतच नाही, मग खारं पाणी आणखी वर सरकायला मोकळं.

अडीच वाजून गेले तरी दार हललं नाही. पावणेतीनला लाकूड करकरलं, दारं दोन बोटं सरकली, आणि मग एकदम मातकट लोट बाहेर पडला. जाळं ताणलं गेलं. बाबांनी दोरीला हिसका देऊन बघितला आणि पहिल्यांदाच हसले.

मी म्हटलं, उधाणाला एवढा वेळ, म्हणजे हेच सगळ्यात वाईट दिवस ना? तर म्हणाले, न्हय. उधाणाला नदी खूप खाली उतरते, शेत रिकामं होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ओहोटीला पाणी धड उतरतच नाही. आणि त्यातच मोठा पाऊस झाला तर? त्यांनी शेताकडे नुसतं बोट केलं.

"अश्टमीक यो. तेन्ना पळय."

गोकुळाष्टमी आठ दिवसांवर होती. माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं.