हंपटा पास: सकाळी ताम्हिणी, दुपारी दौंड

आमच्या ग्रुपमध्ये सिंहगडाचं टायमिंग हा प्रतिष्ठेचा विषय आहे. आतकरवाडीतून पुणे दरवाज्यापर्यंत कोण किती मिनिटांत पोचलं, याचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पडत असतात. हिमाचलमधल्या मनालीजवळच्या हंपटा खिंडीचा ट्रेक ठरल्यावर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढणंही सुरू झालं. पायांना त्याचा उपयोग झालाच. पण सिंहगड साधारण १३०० मीटर, कळसूबाई १६४६, आणि मनालीत बसमधून उतरतानाच आपण दोन हजारांवर असतो. पाय पुण्यात तयार होतात, विरळ हवेची सवय तिथे जाऊनच होते.

जोब्रापर्यंत गाडी, पुढे पायी. देवदार मागे पडले, भूर्ज आले, मग तेही संपले. ऑगस्ट असल्याने पाऊस पाठ सोडेना. चिकाचा कॅम्प छान असेल, आम्हाला धुकं आणि ओले मोजे दिसले. “एवढं भिजायला राजमाची काय वाईट होता?” असं एका काकूंनी विचारलं, आणि त्या क्षणी कोणाकडेच उत्तर नव्हतं.

बालू का घेरा हा पुढचा मुक्काम, सुमारे ३६०० मीटरवर. इथे बाकरवडीचं पाकीट बाहेर काढलं तर ते टम्म फुगलेलं. आत पुण्याची हवा, बाहेर दाब कमी. ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. ४२७० मीटरच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के उरतो. लीडर सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर लावायचा. पुणेकरांनी त्या आकड्यांचीही स्पर्धा लावली, तेव्हा त्याने स्क्रीन दाखवणंच बंद केलं. “सिर दुखे तो बताओ, नंबर छोडो,” एवढंच म्हणाला. त्याचं बरोबर होतं. डोकेदुखी लपवून वर चढणाऱ्याची जबाबदारी शेवटी सगळ्या ग्रुपवर येते.

खिंडीचा दिवस मात्र सगळ्या ट्रेकचं सार. चढ दगडगोट्यांचा, शेवटी सुटी खडी. दहा पावलं टाकायची, थांबायचं, पुन्हा दहा. सतत बडबड करणारा आमचा ग्रुप पहिल्यांदाच गप्प होता, कारण बोलायला श्वास शिल्लक नव्हता. मग अचानक चढ संपला.

मागे कुल्लूची बाजू: हिरवी, ढगांनी भरलेली. थोडा वेळ ढग फाटले तेव्हा इंद्रासनचा सुळका दिसला, ६२२१ मीटरचा. समोर लाहौल: तपकिरी, राखाडी, झाडाचं नाव नाही, वर निळंशार आकाश. ही पीर पंजालची रांग पावसाळी ढग अडवते, अगदी आपला सह्याद्री अडवतो तसेच. ताम्हिणीत छत्री उलटी होत असते तेव्हा दौंडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. फक्त आपल्याकडे हा बदल हळूहळू होतो. रान विरळ होत जातं, भाताची खाचरं जाऊन ज्वारी येते. इथे एका धारेवर उभं राहून दोन्ही बाजू दिसतात. ग्रुपमधला एक जण मूळचा दौंडचाच. लाहौलकडे बघून म्हणाला, “आमच्याकडे असंच असतं, बर्फ तेवढा नाही.”

पलीकडचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. शिया गोरूच्या मुक्कामाला रात्रभर वारा. सकाळी लवकर ओढा ओलांडायचा, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. पाय बधिर झाले, पण एकमेकांचे हात धरून सगळे पार. छत्रूला चंद्रा नदी भेटते; हीच पुढे तांदीला भागेला मिळते आणि चिनाब होते. चंद्रताल तलावाचा रस्ता बंद होता, त्यामुळे तो राहिला.

परतीला अटल बोगदा, ९.०२ किलोमीटरचा. जी रांग पायी ओलांडायला आमचा घाम निघाला, तिच्या पोटातून गाडी काही मिनिटांत पार. लाहौलच्या तोंडाशी गॉगल, मनालीच्या तोंडाशी ड्रायव्हरने वायपर लावला.

पावसाळ्यात हंपटा करू नका, असं सांगणारे बरेच भेटतील. बर्फातून चालायचं असेल तर जूनअखेर गाठा. पण पावसाची हद्द डोळ्यांनी बघायची असेल तर ऑगस्टच. मात्र परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. दरडींनी मनालीचा रस्ता कधीही अडतो.