ऊन पडलेलं, तरी रॉकेट का थांबतं?

पडद्यावर फ्लोरिडाचं लख्ख ऊन दिसतं आणि निवेदक सांगतो, हवामानामुळे उड्डाण रद्द. जळगाव-धुळ्याकडे बसून थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांचा हमखास विरस होतो. शुभांशू शुक्ला यांचं उड्डाणही आधी हवामानामुळेच 10 जून 2025 वरून 11 वर गेलं होतं. पुढे गळतीची कारणं निघाली आणि अखेर 25 जूनला ते उडालं.

इथे पावसापेक्षा विजेची धास्ती मोठी. आभाळात वीज कडाडत नसली तरी रॉकेट ती स्वतःवर ओढवून घेतं. रॉकेट आणि त्यामागचा तापलेल्या वायूंचा लांब झोत मिळून विजेला आयती वाट होते. 14 नोव्हेंबर 1969 ला अपोलो 12 वर पहिल्या मिनिटातच दोनदा वीज पडली, ती अशीच. म्हणून पाणी गोठतं त्या उंचीच्या वर ढगाचा माथा गेला की तळावरचे हवामानतज्ज्ञ सावध होतात. तिथे गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो.

मे-जूनमध्ये सातपुड्यावर दुपारी ढग चढतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरतो, तो रावेर-यावलच्या केळीवाल्यांच्या चांगला ओळखीचा. तो माथा वादळापासून लांबवर सरकतो, त्याच्या आसपास ऊनही असतं, पण भार त्यात शिल्लक असतो. शुक्लांना नेणाऱ्या फाल्कन 9 रॉकेटच्या नियमांत अशा ढगापासून साडेअठरा किलोमीटर दूर राहायचं असतं. म्हणजे तळ जळगावला असता, तर ढग भुसावळच्या अलीकडे असला तरी उड्डाण नाही! तेवढ्याच अंतरात वीज चमकली तर सहसा 30 मिनिटं थांबायचं. जमिनीवरच्या यंत्रांनी मीटरला 1500 व्होल्टपेक्षा जास्त विद्युतक्षेत्र दाखवलं तर 15 मिनिटं.

वाऱ्याचा नियम त्यामानाने सोपा आहे. तळावर सुमारे 49 मीटर उंचीवर सलग वारा ताशी 48 किलोमीटरच्या आत हवा. वरच्या थरांतल्या वाऱ्यासाठी फुगे सोडतात.

माणसं बसली की त्यात समुद्राची भर पडते, आणि माझ्या मते खरी कसोटी हीच. वाटेत बिघाड झाला तर ड्रॅगन यानाची आठ इंजिनं अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून तोडून दूर नेतात आणि ती पॅराशूटने अटलांटिकमध्ये उतरते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे जाणारी वाट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत आयर्लंडच्या दिशेने जाते. त्या पट्ट्यातल्या लाटा आणि वारा मर्यादेबाहेर असतील तर तळावर कितीही छान हवा असो, उड्डाण होत नाही. हवामान '90 टक्के अनुकूल' असं ऐकलंत तर एक ध्यानात ठेवा: त्या आकड्यात हा समुद्रपट्टा आणि वरचा वारा धरलेला नसतो, त्यांचा धोका वेगळा लिहिलेला असतो.

"दहा मिनिटं थांबले असते तर?" असं पाहणाऱ्यांना वाटतं. पण स्थानकाची कक्षा तळावरून जाते तो क्षण गाठावा लागतो, आणि अतिथंड ऑक्सिजन टाकीत फार वेळ ठेवला की तापू लागतो. इंधन भरायला शेवटच्या 35 मिनिटांतच सुरुवात होते. त्यामुळे पाहणाऱ्यांनी उड्डाणाआधीच्या 45 व्या मिनिटाकडे लक्ष द्यावं. इंधन भरायचं की नाही, हे तेव्हा ठरतं. पण होकार मिळाला म्हणजे झालं असंही नाही. 27 मे 2020 ला अंतराळवीर बेन्केन आणि हर्ली यांचं उड्डाण 17 मिनिटं उरलेली असताना थांबवलं. मग टाक्या रिकाम्या केल्या, दोघांना बाहेर काढलं आणि 30 मेला यान उडालं.